मान हलवली, एवढेच

वैशाखातली संध्याकाळ होती. पाच वाजून गेले होते, तरी एसटीचा पत्रा हात लावू देत नव्हता. जिंतूरहून परभणीला येणाऱ्या गाडीत मी दाराच्या बाजूची खिडकी धरून बसले होते. या रस्त्यावर सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना, दोन्ही वेळा ऊन चालकाच्या बाजूने येते. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हा हिशेब करून ठेवला होता. मानेभोवती वडिलांचा जुना पांढरा रुमाल होता. बँकेतून निघताना माठाच्या पाण्यात बुडवून घेतलेला तो रुमाल बोरी येईपर्यंत वाळून कडक झाला होता. बोरीच्या पुढे एका फाट्यावर साठीच्या आसपासची एक बाई चढली. नऊवारी, कपाळावर गोंदण, डोक्यावर गाठोडे, आणि त्या गाठोड्यातून येणारा कैऱ्यांच्या चिकाचा उग्र वास. गाडी खच्चून भरलेली होती. वाहकाने तिकिटाच्या मशीनवरून मान वर केली, सगळ्या बसलेल्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. "ताई, मावशीला बसू द्या जरा. तरण्याताठ्यानं उभं राहायला काय हरकत हाय?"

मी उठले नाही. डावा पाय गुडघ्याखाली माझा राहिला नव्हता, डाव्या डोळ्यापुढे कुणी काचेवर तोंडाची वाफ सोडावी तसे धुके आले होते, आणि उभी राहिले तर तिसऱ्या खड्ड्याला मी कुणाच्या तरी अंगावर पडणार हे मला पक्के ठाऊक होते. पण त्या अर्ध्या तासात मला स्वतःची जी लाज वाटली, तिच्यापुढे या ठाऊक असण्याचा काही उपयोग झाला नाही. बाई वरचा दांडा धरून उभी होती. तिच्या कोपराची सुरकुतलेली कातडी आणि हिरव्या बांगड्या माझ्या तोंडासमोर हेलकावत होत्या. झरी जवळ आली तशी ती वाकली, माझा घामेजलेला लाल चेहरा, मांडीवरची पाण्याची बाटली आणि गळ्यातले मंगळसूत्र तिने एकदा नीट पाहिले, आणि फार हळू आवाजात विचारले, "दिवस गेलेत का गं माय?"

मी मान हलवली.

"कितवा?" मी म्हणाले, "तिसरा." "मग बस, बस. उठू नको. माझी लेक बी पाचव्यात हाय, तिच्याकडंच चालले. असल्या उन्हाचं हिंडत जाऊ नको बाई." मग तिने गाठोड्याची गाठ जराशी सैल केली, आत हात घालून एक कैरी काढली, माझ्या ओंजळीत ठेवली आणि झरीला उतरून गेली. मला दिवस गेलेले नव्हते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे.

त्या होकाराचीही एक गंमत आहे. या आजारात पुष्कळ जणांना असे होते की मान पुढे वाकवली की पाठीच्या कण्यातून विजेचा करंट उतरतो, टाचेपर्यंत जातो आणि विझतो. डॉक्टर त्याला लेर्मिट या फ्रेंच मज्जातज्ज्ञाच्या नावाने ओळखतात. त्याने १९२४ साली याचे वर्णन करून ठेवले. देवाला नमस्कार करताना, चपलेचा बंद लावताना, भाजी चिरताना मला तो करंट भेटत असतो आणि आता त्याचे काही वाटत नाही. पण त्या बाईला होकार देताना मान खाली गेली आणि तो सर्रकन पायापर्यंत गेला, तेव्हा शरीराने मला जागच्या जागी खोटे पाडल्यासारखे वाटले. घरी आल्यावर ती कैरी फ्रिजवर ठेवली. तीन दिवस ती तिथेच होती.

आजार सव्वीसाव्या वर्षी आला, आणि तो कुंकवातून आला. दिवाळीत माहेरी गेले होते. डावा डोळा दोन दिवसांपासून ठणकत होता. बुबुळ इकडून तिकडे फिरवले की आतून कुणीतरी दोरी ओढल्यासारखी कळ यायची. सकाळी आई समोर बसून फराळाचे डबे भरत होती. मी उजवा डोळा चोळायला म्हणून झाकला, आणि आईच्या कपाळावरचे कुंकू विटकरीच्या भुकटीचे झाले. हात काढला, पुन्हा लालभडक. झाकला, पुन्हा विटकरी. मी पाच-सहा वेळा तसे करत राहिले आणि आई म्हणाली, "काय करायलीस गं? लहान हाईस का?" डोळ्यांच्या डॉक्टरांनीही नंतर तेच केले, त्यांनी औषधाच्या बाटलीचे लाल झाकण समोर धरले आणि एकेक डोळा झाकून विचारले, दोन्ही लाल सारखेच दिसतात का. मग संभाजीनगरचा एमआरआय, त्यात मेंदूमध्ये आणि मानेतल्या मज्जारज्जूवर दिसलेले पांढरे ठिपके, पाठीतून काढलेले पाणी, आणि पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टेरॉइडचे सलाइन. त्या पाच दिवसांचे एवढेच आठवते की जिभेवर तांब्याचा जुना पैसा ठेवल्यासारखी चव होती, झोप पार उडाली होती आणि रात्री दोन वाजता मी इतकी भुकेली असायचे की शिळी भाकरी आणि शेंगांची चटणी पलंगावर बसून खायचे. शेजारच्या पलंगावरची म्हातारी माझ्याकडे कौतुकाने बघायची. एवढे खाणारी पोरगी आजारी कशी असेल, असे तिला वाटत असावे.

डोळा दीड-दोन महिन्यांत बराचसा परत आला. लाल रंग मात्र त्या डोळ्याला पूर्ण परत मिळाला नाही.

या आजाराला मराठीत रूढ नाव नाही, आणि कोशात एखादे असले तरी ते कुणी वापरत नाही. १८६८ साली पॅरिसमध्ये शार्को नावाच्या डॉक्टरांनी त्याला नाव दिले तेव्हा त्यांना मृत रुग्णांच्या मेंदूत जागोजागी घट्ट झालेले चट्टे दिसले होते, एवढाच त्या नावाचा अर्थ आहे. सगळे जण त्याला एमएस म्हणतात. आमच्याकडे एमएस म्हटले की पहिल्यांदा सर्जन आठवतो आणि दुसऱ्यांदा एमएससीआयटी. माझ्या चुलत आत्याने दोन वर्षे सगळ्यांना सांगितले की पोरीने कंप्युटरचा कोर्स केलाय आणि त्याचा ताण डोक्यात गेलाय. मी ते दुरुस्त केले नाही. खरे सांगायचे तर दुरुस्त करून सांगायला लागले की पुढचे प्रश्न ठरलेले असतात: कशामुळे झालं, आणखी कुणाला आहे का, लग्नाच्या आधीपासून होतं का. शेवटचा प्रश्न कधी सरळ विचारला जात नाही, पण पहिल्या दोन प्रश्नांच्या आडून तो उभा असतो. (लग्नाच्या आधी नव्हते. दोन वर्षांनी आले. हे कंसातसुद्धा सांगावेसे वाटावे, यातच सगळे आले.)

आजार म्हणजे नेमके काय, हे मला डॉक्टरांनी समजावले, पण कळले ते वडिलांमुळे. माझीच रोगप्रतिकारक शक्ती माझ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरण कुरतडते, त्यामुळे निरोप वाटेत गळतो, मंद होतो किंवा पोहोचतच नाही, असे मी त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगत होते. ते बराच वेळ चपलेच्या अंगठ्याने फरशी घासत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे खारीनं ठिबकची नळी कुरतडल्यासारखं." आमच्या शेतात उन्हाळ्यात तहानलेल्या खारी नळ्यांना भोके पाडतात. मोटार चालू असते, टाकीत पाणी असते, पहिल्या झाडांना पाणी मिळतेही, पण दाब वाटेतच संपतो आणि ओळीच्या टोकाची झाडे माना टाकतात. "टोकाचं झाड म्हणजे तुझा पाय," ते म्हणाले. त्यानंतर मी किती तरी लेख वाचले, चित्रे पाहिली, पण माझा पाय ओढू लागला की मला अजूनही ती काळी नळी, तिला पडलेली दातांएवढी भोके आणि त्यांतून भलत्याच जागी उडणाऱ्या बारीक पिचकाऱ्या दिसतात. वडिलांनी मात्र पुढे जे विचारले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते म्हणाले, "नळी बदलता येत नाही का?"

नळी बदलता येत नाही, खारी मात्र हाकलता येतात, निदान थोड्याफार. उपचार म्हणजे तेवढेच. पण उन्हाचे काय करायचे हा वेगळा प्रश्न. आवरण गेलेला तंतू तापला की जो थोडाफार निरोप पुढे ढकलत असतो तोही थांबवतो. अंगाचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी पुरते. १८९० साली विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने पाहिले की काही रुग्णांची दृष्टी श्रमानंतर मंदावते आणि विश्रांतीनंतर परत येते. त्यामागे श्रम नसून अंगाची उष्णता आहे हे नंतर कळले. पूर्वी, एमआरआय नव्हते तेव्हा, एमएसचा संशय असलेल्या माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का ते पाहत असत. हे वाचले तेव्हा मला हसू आले. परभणीत टबाची काय गरज? आणि गंमत अशी की हा आजार मुळात थंड मुलुखातला. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके त्याचे रुग्ण वाढत जातात, युरोपात आणि कॅनडात तो पुष्कळ, आपल्याकडे त्या मानाने फार कमी. जगात जर्मनी, भारतात परभणी असे आम्ही लहानपणापासून छाती फुगवून म्हणत आलो. ती म्हण इतक्या शब्दशः माझ्या वाट्याला येईल असे वाटले नव्हते.

मला त्रास देणारी गोष्ट ऊन नाही, त्याची सार्वत्रिकता आहे. चाळीस-बेचाळीस अंशांत सगळेच भाजत असतात. अशा ठिकाणी "मला गारवा हवा आहे" हे वाक्य दुखण्याचे वाटत नाही, लाडाचे वाटते. बँकेत मी शाखाधिकाऱ्यांना अर्ज देऊन माझे टेबल एसीखाली हलवून घेतले. माझा एक सहकारी, स्वभावाने अतिशय चांगला माणूस, त्या टेबलाला महाबळेश्वर म्हणतो. "मॅडम महाबळेश्वरला आहेत, तिकडे जा," असे तो ग्राहकांना सांगतो, आणि डोक्याला रुमाल गुंडाळलेला, सकाळपासून रांगेत उभा असलेला शेतकरी माझ्यासमोर येऊन पासबुक पुढे करतो तेव्हा मी त्याच्या शर्टावरचे मिठाचे पांढरे नकाशे पाहत असते. त्याचे अंग माझ्यापेक्षा जास्त तापलेले आहे. फक्त त्याच्या नळ्या शाबूत आहेत.

घरातल्या कूलरचीही तीच गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये मी लातूरला मावशीकडे होते, त्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. तेव्हा मी पूर्ण निरोगी होते. मावशीकडे भाजी धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी संडासात, असा क्रम होता, आणि कूलर गोणपाटाखाली झाकून ठेवला होता; त्यात पाणी ओतणे म्हणजे अन्न मातीत टाकण्यासारखे होते. आता मे महिन्यात मी रोज दुपारी आणि संध्याकाळी कूलरमध्ये बादल्या ओतते. वाळ्याच्या ताट्या भिजतात, तो ओल्या मुळांचा गोडसर वास खोलीभर पसरतो, दहा मिनिटांत पायाला जमीन कळू लागते, डोळ्यासमोरचे धुके विरते, आणि त्या सुखाच्या ऐन मध्यावर मला मावशीचा गोणपाट आठवतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते तेव्हा सासूबाई सगळ्यांत आधी कूलरसाठीचा पिंप भरून घेतात. त्या याविषयी एक शब्दही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते.

थकव्याबद्दल बोलणे तर त्याहून कठीण. मराठीत दमणे आहे, शिणणे आहे, भागणे आहे, अंग मोडून येणे आहे, हातपाय गळणे आहे. पण हे सगळे शब्द कामाच्या नंतरचे आहेत. सकाळी सहा वाजता, नीट झोप झाल्यावर, काहीही केलेले नसताना अंगात ओल्या वाळूचे पोते भरल्यासारखे वाटते, त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, आळस. आणि त्या शब्दाला मी लहानपणापासून भिते, कारण मी ज्या बायकांत वाढले त्यांना थकवा येत नसे, किंवा येत असला तरी त्यांनी तो कधी नावाने हाकारला नव्हता. माझी आजी कापूस वेचून आल्यावर टेकायची ती चुलीपुढे, आणि टेकता टेकता भाकरीचे पीठ ओढायची. तिच्या नातीने जेवणाआधी वीस मिनिटे डोळे मिटून पडायचे, आणि तेही डॉक्टरांनी सांगितले म्हणून नव्हे तर पडल्याशिवाय हातातून लाटणे सुटते म्हणून, हे मला स्वतःलाच पटवून द्यायला तीन वर्षे लागली. अजून पूर्ण पटलेले नाही. कुणी दारात आले की मी उठून बसते आणि हातात वर्तमानपत्र घेते.

मजजवळ दिव्यांगत्वाचे कार्ड आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आले. तपासणीच्या दिवशी एका टेबलावरच्या माणसाने माझ्याकडे पाहून शेजाऱ्याला विचारले होते, "यांचं काय आहे? सगळं तर दिसतंय." त्याची चूक म्हणावी तर तीही फार मोठी नव्हती, सगळे दिसतच होते. कार्ड आले, त्यावर माझा फोटो आहे, टक्के आहेत, आणि ते पर्समध्ये लग्नाच्या फोटोमागे असते. एसटीत ते दाखवता आले असते. पण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले आणि माझी त्या कार्डापासून सुटका झाली. अर्ध्या तिकिटाला फक्त बाई असणे पुरते. त्या संध्याकाळीही कार्ड पर्समध्ये होते आणि पर्स मांडीवर होती. वाहकाला ते दाखवायचे म्हणजे आजूबाजूच्या पन्नास लोकांसमोर माझ्या न दिसणाऱ्या दुखण्याची सभा भरवायची. तेवढ्यात त्या बाईने मला एक तयार कारण हातात दिले. तरुण बाई बसून राहू शकते, सगळे जग तिला बसू देते, असे एकच कारण आमच्या मुलुखात आहे, आणि ते मी घेतले.

चेहऱ्याच्या लालीचा खुलासाही इथेच करते. पहिली तीन वर्षे मी दर आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन घेत होते. ते शनिवारी रात्री घ्यायचे, म्हणजे थंडी वाजून येणारा ताप आणि सांधे फोडणारी कळ रविवारच्या वाट्याला जायची आणि सोमवारी काउंटरवर बसता यायचे. आता सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल आहे, डायमिथाइल फ्युमरेटची. ती रिकाम्या पोटी घेतली की अर्ध्या तासाने कानांपासून छातीपर्यंत अंग पेटते, लालबुंद होते आणि मग आपोआप विझते. भरल्या पोटी त्रास कमी होतो. माझ्यापुरते दही आणि धपाटे हे त्यावरचे उत्तम औषध ठरले आहे. त्या दिवशी मी घाईत सकाळची गोळी विसरले होते आणि ती चारच्या सुमारास चहावर घेतली होती. म्हणजे बाईने जे तेज पाहिले ते गोळीचे होते. आमच्या गल्लीतल्या काकूही अधूनमधून म्हणतात, तोंडावर चांगलं तेज आलंय, काही गोड बातमी आहे का.

गोड बातमी नाही. आणि तरीही ती असूच शकत नाही असेही नाही. माझ्या टोचणीचे मूळ तिथे आहे. एकेकाळी डॉक्टर एमएस असलेल्या बायकांना मूल होऊ देऊ नका असे सांगत. १९९८ मध्ये युरोपातल्या बारा देशांतल्या अडीचशेहून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात उलटेच दिसले: गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आजाराचे झटके, म्हणजे माझा डोळा गेला होता तसले प्रसंग, बरेच कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात, आणि मग पुन्हा पहिल्यासारखे होते. पोटात बाळ असताना शरीर परक्याला सामावून घ्यायला शिकते, आणि त्या ओघात स्वतःलाही जरा माफ करते. आमचे डॉक्टर म्हणाले, विचार करा, ठरले की मला आधी सांगा, गोळ्यांचे वेळापत्रक आपण त्यानुसार मांडू. त्याला आता दीड वर्ष झाले. आम्ही विचार करतो आहोत. कधी मला वाटते, बाळंतपणानंतर झटका आला आणि हात गेला तर बाळ धरायचे कशाने. कधी शेजारचे दुपट्यात गुंडाळलेले पोर मांडीवर येते, त्याच्या टाळूला तेल आणि वेखंडाचा वास असतो, आणि मला डॉक्टरांचा नंबर लावावासा वाटतो. त्या बाईला सांगितलेला तिसरा महिना ही तशी अगदीच बनवलेली गोष्ट नव्हती. ती माझ्याजवळ होती, फक्त माझी झालेली नव्हती.

नवऱ्याला मी चौथ्या दिवशी सांगितले. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि कुठल्याही गोष्टीत आधी हिशेब पाहतो. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मे महिन्यात तिसरा, म्हणजे बारसं दिवाळीनंतर." मी हसले, तोही हसला. मग दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. तो उठला, फ्रिजवरची कैरी घेतली, ती आता एका बाजूने पिवळी पडून मऊ झाली होती, चांगला भाग कापून त्याला तिखट-मीठ लावले आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. "घे," म्हणाला, "डोहाळे." मला राग आला की रडू आले हे अजून सांगता येत नाही. कैरी मात्र फार छान लागली.

माझे दिवस वाईट जातात असे कुणाला वाटू नये. पहाटे साडेपाचला आम्ही कृषी विद्यापीठाच्या आवारात चालायला जातो. त्या वेळी तिथे झाडांखाली हवा पाण्यासारखी गार असते आणि माझा पाय शहाण्या मुलासारखा वागतो. स्वयंपाकाची तयारी आदल्या रात्री होते. वाळवणाला मी गच्चीवर जात नाही. कुरडयांचा चीक हाटायला मात्र सावलीत बसते, कारण तो हाटण्यात माझा हात घरात सर्वांत चांगला आहे असे सासूबाईंचे मत आहे. जिंतूरच्या रस्त्यावर स्वच्छ संडास कुठे कुठे आहे हे मला तोंडपाठ आहे. या आजारात लघवीची घाई वाट पाहत नाही, आणि एसटीने फिरणाऱ्या कुठल्याही बाईला यापुढचे समजावून सांगायला नको. अंगातली ताकद मी पिंपातल्या पाण्यासारखी वापरते. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात वाढलेल्या बाईला हे कुणी शिकवावे लागत नाही: आधी पिण्याचे, मग स्वयंपाकाचे, आणि धुणे उद्यावर. गेल्या दोन वर्षांत नवा झटका आलेला नाही. एमआरआयमध्ये नवा ठिपका नाही. मी पदोन्नतीची परीक्षा पास झाले. रात्री गच्चीवर पडल्यावर चांदण्या मोजताना डावा डोळा झाकला तर जास्त भरतात, एवढेच.

पण त्या मे महिन्यापासून झरी आले की मी खिडकीबाहेर बघायला लागले. आषाढात मनात म्हटले, आता पाचवा लागला असता. भाद्रपदात गौरी बसल्या तेव्हा सातवा, डोहाळजेवणाचा, आणि माझे पोट तर हे असे सपाट. ती बाई पुन्हा गाडीत चढली आणि तिने मला ओळखले तर काय सांगायचे याची मी उत्तरे तयार करत असे. पडले म्हणावे, तर तिला वाईट वाटेल, आणि ते उगाच एका न झालेल्या जिवाचे मरण होईल. खरे सांगावे, तर तिची कैरी मी खोट्यावर खाल्ली असे होईल. तिच्या लेकीचे काय झाले, हेही मला विचारायचे होते. ती एव्हाना बाळंत झाली असेल. माझ्या ओळखीच्या कित्येक माणसांपेक्षा त्या अनोळखी लेकीचे महिने मी जास्त नीट मोजले.

ती बाई पुन्हा भेटली नाही. दिवाळीच्या आधी दोन दिवस, त्याच संध्याकाळच्या गाडीत, झरीच्या अलीकडे एक दुसरीच बाई चढली. चाळिशीची, अंगाने काटक, काखेत झेंडूच्या फुलांचे भलेमोठे गाठोडे. बाजारात लक्ष्मीपूजनाची फुले विकायला निघाली असावी. गाडी भरलेली होती. या वेळी वाहक काही बोललाही नाही. तो मागे तिकिटे काढत होता. ती माझ्या सीटजवळ येऊन दांड्याला टेकली आणि मी तिच्याकडे पाहत म्हणाले, "मावशी, मला मज्जातंतूंचं दुखणं आहे. पायात ताकद राहत नाही, उभं राहता येत नाही मला. गाठोडं द्या इकडं." हे मी किती मोठ्याने म्हणाले ते मला कळले नाही; पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहू लागला म्हणजे बरेच मोठ्याने असणार.

"एवढ्याशा वयात?" ती म्हणाली.

"हौ."

"मग बस की. उठ म्हणलं का कुणी?" आणि तिने गाठोडे माझ्या मांडीवर ठेवले, दोन्ही हात मोकळे करून दांडा धरला आणि शेजारच्या बाईशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोलू लागली. माझ्याकडे तिने परत पाहिलेही नाही. फडके ओले होते. फुले ताजी राहावीत म्हणून ती चांगली शिंपडलेली असावीत. त्या उग्र, हिरवट वासात मी बसून राहिले. हळूहळू पाणी झिरपून साडीतून आत आले. उजव्या मांडीला ते लगेच गार लागले. डाव्या मांडीला कळायला परभणीचा बसस्टँड यावा लागला.